ईशान्येचा उतार

वीरभद्रआप्पा कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी पेल्यातलं घोटभर पाणी फरशीवर ओतायचे आणि ते कुठे वाहतंय ते पाहायचे. वास्तुशास्त्रातल्या देवाच्या दिशेला, ईशान्येला गेलं तर चहा घ्यायचे. दुसरीकडे वळलं तरी घ्यायचे, पण घरमालकाकडे दयेनं बघत. आमच्या हिनं त्यांच्यासाठी वेगळं फडकंच ठेवलं होतं.

लातूरला त्यांचं डाळीचं दुकान. निलंग्याकडे दिलेली थोरली बहीण भूकंपात घर कोसळून गेली. "अक्काच्या घराचा उतार नैर्ऋत्येला व्हता मास्तर. म्या सांगून सांगून थकलो, ऐकलं न्हाई," असं ते म्हणत, तेव्हा त्यांची चेष्टा करवत नसे. स्लॅबखाली झोपणं त्यांनी सोडलं. भूकंपानंतर आलेल्या एका परदेशी मदतपथकानं जाताना विकलेली, जीपमागे ओढायची चाकांवरची खोली घेऊन त्यांनी अंगणात लावली. नैर्ऋत्येच्या चाकाखाली विटा घालून तिलाही ईशान्येचा उतार दिला आणि लेकीला घेऊन तिथं राहायला गेले.

लेक गिरिजा बारावीला होती. गल्लीत क्लासच्या पाट्या भराभर लागत होत्या, ती त्यातल्याच एका क्लासला जायची. तिला रोज इन्सुलिन लागे, ते गार ठेवावं लागे, विजेचा तर भरवसा नव्हता. म्हणून खोलीतला गॅसवर चालणारा फ्रिज पाहून आप्पा हरखले. "जाळावर बरफ! गोऱ्यायचं डोस्कं बगा!"

पण फ्रिज गार होईना. आप्पांनी सिलिंडर बदललं, मागच्या जाळीतलं कुंभारीण माशीचं मातीचं घर खरवडलं, बर्नरमध्ये सायकलच्या पंपानं हवा मारली. ज्योत निळीशार, मागची नळी चटका बसेल अशी, आत मात्र दूध नासलेलं. "जेवतो टायमावर, काम न्हाई. जावई हाय का काय!" आप्पा करवादले. औषधाच्या बाटल्या माठाशेजारी ओल्या कापडात ठेवलेल्या, आणि उन्हाळा तोंडावर आलेला.

एका संध्याकाळी मी तिथेच होतो. गिरिजा क्लासहून आली आणि तिनं फ्रिजमागे डोकं घातलं.

"आप्पा, ह्यात मोटारच न्हाई. नळीतलं पाणी आपल्या वजनानं खाली येतंय. तुमच्या उतारानं ते मधीच अडकून राहिलंय. खोली सपाट करा."

"दुसरं काय बी सांग."

फ्रिजखालीच पाचर मारू, असं मी सुचवून पाहिलं. पण तो भिंतीत पक्का बसवलेला. गिरिजा बाटली उजेडाकडे धरून औषध गढूळ झालंय का ते पाहू लागली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"मास्तर, जॅक आणा."

विटा त्यांनी कुणाला काढू दिल्या नाहीत. एकेक स्वतःच उपसली.

"आणि ईशान्येचं काय?" मला राहवलं नाही.

"तिथला देव लई मोठा हाय. सपाटीवरनं बी येईल चालत."

सकाळी गेलो तर आप्पा गार बाटली गालाला लावून दारात उभे. मला वाटलं, फ्रिजचं कौतुक सांगतील.

"रातभर सपाट झोपलो मास्तर. काय बी झालं न्हाई," ते म्हणाले. मग डोळे पुसत म्हणाले, "अक्काला उगंच बोल लावून राहिलो व्हतो."