धुऊन काढलेली खोली

इंदिरानगरातली ती खोली इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकंही फोडून घेतलं. या प्रकरणात त्यातलं काहीच नव्हतं. तरी जुन्या केसबद्दल कोणी विचारलं की मला आधी फिनाइलचा तो वास आठवतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती, दिवस थंडीचे. मी त्या भागातल्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच उरकली होती, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे बाईचा आवाज होता आणि मागे रहदारीचा गोंगाट. एसटीडी बूथवरून बोलत असावी. तिने एका बंगल्याची खूण सांगितली.

"मागच्या खोलीतला भाडेकरू आठवडाभर दिसत नाही. त्याची गादी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर जाळलीय. गादीला रक्त होतं."

नाव विचारताच फोन बंद झाला.

निनावी फोन बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या भांडणातून येतात. पण भांडणारी माणसं फोनवर बोलायची थांबत नाहीत, दहा वर्षांचं उकरून काढतात. ही बाई मोजकं बोलली. म्हणून डायरीला नोंद घेतली आणि दोन शिपाई बरोबर घेऊन निघालो.

प्लॉटवर अर्धवट जळलेला कापूस पडला होता. न जळलेल्या बाजूला काळपट, कडक झालेला डाग होता. घरमालक गेटपाशी आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. भाडेकरू म्हणजे अंबडच्या एका कारखान्यात कामाला असलेला हरसूलकडचा तरुण.

"तो खोली सोडून गावी गेला," ते म्हणाले.

"आणि गादी?"

"ढेकूण झाले होते हो. जाळून टाकली."

मी खोली उघडायला लावली. आत पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी आलं. फरशी फिनाइलने घासलेली, भिंतींना चुन्याचा ताजा हात. भाडेकरू खोली सोडतो तेव्हा काहीतरी मागे राहतंच. दात पडलेला कंगवा, भिंतीवर कॅलेंडर, साबणाचा झिजलेला तुकडा. इथे भिंतीत खिळासुद्धा नव्हता. आणि दारामागची भिंत तर गिलावा उघडा पडेपर्यंत खरवडली होती. पुढच्या भाडेकरूसाठी इतकी मेहनत कोणी घेत नाही.

पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. दाराचा लाकडी उंबरा उचकटला, तर खाली रक्त सुकून बसलेलं. नमुने लाखेने सील करून रासायनिक विश्लेषणासाठी पाठवले आणि घरमालकांना ठाण्यात घेऊन आलो.

सराईत माणूस प्रश्न बदलला की उत्तर बदलतो. हे गृहस्थ दुपारभर एकच वाक्य म्हणत राहिले, तो गावी गेला. शेवटी त्यांचा आवाज चढला.

"साहेब, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. घरी पाहुणे येणार आहेत. मी कुणाचा खून करीन का?"

"खुनाचं नाव मी अजून काढलेलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी पाणी मागितलं. पेला रिकामा केला आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले, तो गावी गेला.

खोली कोणी धुतली, याचा तपास मजूर अड्ड्यावर लागला. पेठकडून कामाला आलेलं एक जोडपं होतं. नवरा म्हणाला, "मालक बोलले, भाडेकरू पडला, डोकं फुटलं. भित, फरशी, समदीकडं रगात. आमी खराट्यानं घासलं, चिंध्यांनी पुसलं."

"हाताला काही बांधलं होतं? तोंडाला?"

"काय नाय साहेब. चिंध्या हातानंच पिळल्या."

त्याची बायको एक जाड घोंगडी पांघरून बसली होती. कुठली, म्हणून विचारलं. मालकांनी त्या खोलीतूनच दिली होती, धुऊन वापरा म्हणून. ती उलगडून पाहिली तर आतल्या बाजूला डाग तसाच. मी ती मुद्देमाल म्हणून जप्त केली, तशी ती बाई म्हणाली, "मंग आता आमी काय पांघरायचं?"

माझ्या घरून एक ब्लँकेट मागवून तिला दिलं. परक्या रक्तात हात घातले होते, म्हणून दोघांना तपासणीसाठी सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी महिला हवालदार बरोबर घेऊन मी बंगल्यावर गेलो. बायकांचे जबाब घरीच घ्यायचे असतात. घरमालकांची बायको पदराने डोळे पुसत नवऱ्याचंच वाक्य म्हणत होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली.

"फोन मीच केला होता."

"तू आत जा गं," आई म्हणाली.

"आई, तो जिवंत होता."

मग ती बोलायला लागली आणि तिला कोणी थांबवू शकलं नाही. त्या तरुणाला क्षय होता. औषधं अर्ध्यावर सोडलेली. एका सकाळी खोकल्याचा आवाज आला म्हणून ती मागे गेली, तर तो दाराला धरून बसला होता आणि तोंडातून रक्त येत होतं. सिव्हिलला नेऊ या, असं ती वडिलांना म्हणाली. वडील म्हणाले, दवाखान्यात पत्ता विचारतात. आजूबाजूला कळेल, पाहुण्यांना कळेल, या घरात टीबी आहे म्हणतील. त्यांनी जीप बोलावली, त्याला शालीत गुंडाळलं आणि घेऊन गेले.

"दुपारी परत आले. म्हणाले, गावच्या गाडीत बसवून दिलं. मी विचारलं, कोणत्या गाडीत, बरोबर कोण होतं? तर बाबा ताटावरून उठून गेले. तेव्हापासून मला झोप नाही."

मी ठाण्यात परतलो आणि हे सगळं घरमालकांसमोर ठेवलं. मुलगी बोलली, एवढं ऐकूनच ते खचले.

"त्र्यंबकेश्वरच्या स्टँडवर बाकावर बसवला. हरसूलची गाडी लागेल, त्यात चढ म्हटलं. तो मान हलवत होता, साहेब."

"त्याला उभं राहता येत होतं?"

"बाकावर टेकवला होता," ते म्हणाले.

"तिथे दवाखाना आहे, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्र्यंबकेश्वरला वायरलेसवरून विचारणा केली. तिथे त्याच तारखेची अकस्मात मृत्यूची नोंद होती. एसटी स्टँडवर अनोळखी तरुण बेशुद्ध आढळला, दवाखान्यात नेताना वारला. शवविच्छेदनात फुप्फुसातला रक्तस्राव निघाला. ओळख पटवायला कोणी आलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे वाट पाहून दफन केलं होतं. फोटो आणि कपडे तेवढे ठेवले होते.

पोलीस पाटलामार्फत गावी निरोप धाडला. बाप आला. भाताची शेती करणारा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने फोटोकडे नीट पाहिलंही नाही. सदरा हातात घेतला.

"ह्यो त्याचाच हाय." सदऱ्याची घडी घालत म्हणाला, "साहेब, त्या स्टँडावरनं आमच्याकडं रोज गाडी येती. कंडक्टर वळखीचा हाय. त्याला नुसतं सांगितलं आसतं, तरी पोरगा घरी पोचला आसता. मेला आसता तरी घरात मेला आसता."

जाण्याआधी त्याने मुलगा राहत होता ती खोली पाहायची म्हणून सांगितलं. मी घेऊन गेलो. तो मधोमध उभा राहिला, चारी भिंती पाहिल्या, एका भिंतीवर हात ठेवला. चुना बोटांना लागला.

"काईच ठिवलं नाय त्याचं," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

कायद्याने हा खून नव्हता. वेळीच दवाखान्यात नेलं असतं तर तो वाचला असता, हे कोर्टात सिद्ध करणं अवघड, असं सरकारी वकिलांचं मत पडलं. जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल अशी हयगय केल्याच्या कलमाखाली आम्ही दोषारोपपत्र दाखल केलं. खटला रेंगाळला आणि शेवटी दंडावर संपला. मुलीचं लग्न मोडलं. तिने कोर्टात वडिलांविरुद्ध साक्ष दिली, एकही शब्द फिरवला नाही. साक्ष झाल्यावर त्यांच्याबरोबर एकाच रिक्षात बसून ती घरी गेली. मजूर जोडप्याचे एक्स-रे तेव्हा स्वच्छ आले. पुन्हा तपासणीला या म्हणून सांगितलं होतं, पण हंगाम संपला तसे ते निघून गेले. त्यांचा पत्ता म्हणजे मजूर अड्डा. पुढे त्यांचं काय झालं, ते मला कळलं नाही.

त्यानंतर जिथे बदली झाली तिथे घरमालकांच्या बैठकीत मी हा विषय काढत असे. भाड्याच्या खोलीत रक्त दिसलं, कोणी मेलेलं आढळलं, तर दार लावून घ्या आणि पोलिसांना कळवा. पंचनामा होईपर्यंत पाण्याचा थेंब टाकू नका. नंतर महापालिकेच्या आरोग्य विभागाला विचारून काम करा. सफाई करणाऱ्याला हातमोजे द्या, तोंड-नाक झाकायला द्या. खिडक्या उघड्या ठेवा, ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून डाग भिजू द्या, मगच पुसा. गादी, पांघरूण उघड्यावर जाळू नका आणि गरिबाला तर मुळीच देऊ नका. लोक माना डोलवायचे. कोणीतरी हमखास विचारायचं, वास किती दिवसांत जातो?

या प्रकरणाने माझी एक समजूत मोडली. वाईट काम वाईट माणसंच करतात, या हिशेबाने मी तोवर तपास करत आलो होतो. हे गृहस्थ वाईट नव्हते. ते लोकांना घाबरत होते, आणि त्या भीतीत त्यांनी जे केलं ते एखाद्या अट्टल गुन्हेगारालाही जमलं नसतं. एका दिवसात त्यांनी जीप मिळवली, मजूर मिळवले, फिनाइल आणलं, चुना कालवला. सिव्हिल हॉस्पिटल त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं.