पेन्सिलचे आवक क्रमांक

निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर ऑफिसला माझी आठवण झाली, तीही स्मरणिकेसाठी. विद्यापीठाचा कसलासा महोत्सव होता आणि प्रत्येक विभागाने आपला इतिहास दोन पानांत लिहून द्यायचा होता. डीन ऑफिसचा इतिहास कोण लिहिणार? डीन येतात, तीन-चार वर्षं बसतात, शाल-नारळ घेऊन जातात. तिथे एकतीस वर्षं काढलेली मी बिबवेवाडीत घरी बसले होते, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. काय लिहायचं हेही फोनवरच सांगून टाकलं: आजवरच्या अधिष्ठात्यांची नावं क्रमाने, कुणाच्या काळात कोणतं दालन झालं, आणि शेवटी सर्वांच्या सहकार्याबद्दल एक वाक्य. फोटोंना जागा सोडा, मॅडम.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर खूश झाले होते. आयुष्यभर आवक-जावकच्या खिडकीत बसून दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता आपलं काही छापून येणार म्हणून दुसऱ्याच दिवशी पोळ्या उरकून बस पकडली.

जिन्याखालच्या खोलीवर ‘अभिलेख कक्ष’ अशी पाटी आहे. आत लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेले गठ्ठे, आणि तीन मोडक्या खुर्च्या, ज्या मोडीत काढायची फाइल माझ्या नोकरीआधीपासून चालू आहे. डीन ऑफिसचा खरा इतिहास तिथल्या आवक रजिस्टरांत आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कागदाला त्यात क्रमांक मिळतो; तारीख, कुणाकडून, विषय काय. देणाऱ्याच्या प्रतीवर शिक्का मारून तोच क्रमांक टाकला की झाली पोच. मग कागद आलाच नाही असं कुणाला म्हणता येत नाही. नियम असा आहे.

आमच्याकडे मात्र पेन्सिल होती.

नोकरीच्या तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी माझ्या टेबलावर एक पेन्सिल आणि एक खोडरबर ठेवलं. म्हणाले, “नोंद आधी पेन्सिलने. संध्याकाळी साहेब डाक बघतात. ‘पेन’ म्हणाले तर शाईने गिरवायचं. ‘राहू द्या’ म्हणाले तर राहू द्यायचं.” शाईने नोंदलेल्या पत्राला सात दिवसांत उत्तर द्यावं लागे, आणि कुठल्याशा जुन्या डीनकडे उत्तर न दिल्याबद्दल वरून खुलासा मागितला होता. त्यावर शोधलेला हा उपाय, पुढच्या प्रत्येक डीनला तो आयताच मिळाला. पेन्सिलमधलं पत्र आठवडाभर तसंच राहिलं की शनिवारी खोडायचं. रिकामा झालेला क्रमांक भरायला रोजची दोन-तीन निरुपद्रवी पत्रं आम्ही मुद्दाम न नोंदवता बाजूला ठेवत असू. त्यातलं त्याच तारखेचं एखादं तिथे शाईने बसवायचं. क्रम तुटत नाही, तारीख हलत नाही. खोडताना पान चुरगळू नये म्हणून खाली फूटपट्टी धरायची, हेसुद्धा त्यांनी करून दाखवलं. पुढे कॉम्प्युटर आले, तेव्हाही शनिवारच्या खोडाखोडीनंतरच रजिस्टरवरून नोंदी टाइप होत. त्यामुळे खोटं दोन्हीकडे व्यवस्थित जुळायचं.

मला यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, याची आज चीड येते. उलट मी त्यात तरबेज होते. माझ्या हातचं खोडलेलं ओळखू येत नाही असं सगळे कौतुकाने म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

तर त्या दिवशी मी जुनी रजिस्टरं काढून बसले होते. आमचे सध्याचे अधीक्षक चहा घेऊन आले. हे गृहस्थ नोकरीला लागले तेव्हा त्यांना रजिस्टर लिहायला मीच शिकवलं होतं. गप्पा मारता मारता म्हणाले, “काय दिवस आलेत बघा. एका पीएच.डी.च्या मुलीने चक्क आपला शिक्का बनवलाय. बनावट पोच. चौकशी लावलीय.”

मी म्हटलं, बघू तरी.

त्यांनी फाइल आणली. आत मुलीने जोडलेली अर्जाची प्रत होती; अर्ज मार्गदर्शक बदलून मिळण्याचा. मार्गदर्शक सहामाही प्रगती अहवालांवर सही करत नाहीत, आधी आपल्या पुस्तकाचं काम पूर्ण करून मागतात, म्हणून अहवाल थेट सोबत जोडत आहे, असं मुलीने सरळ लिहिलं होतं. अर्ज माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातला. नंतर अहवाल वेळेत दिले नाहीत म्हणून तिची नोंदणी रद्द झाली. तिने अपील केलं, पोच जोडली. ऑफिसने रजिस्टर उघडलं तर त्या क्रमांकावर आवारातल्या भटक्या कुत्र्यांबद्दलचं पत्र. झालं. मुलगी खोटारडी ठरली.

पोचेवरची सही माझी होती. क्रमांकही माझ्या अक्षरातला. आणि रजिस्टरमधली कुत्रीसुद्धा माझ्याच अक्षरात होती.

सगळं आठवलं. खरं तर पेन्सिलच्या पत्राच्या पोचेवर आम्ही नुसता शिक्का मारायचो, क्रमांक टाकायचो नाही. पण ही मुलगी खिडकीवरून हलेना. यवतमाळकडची, बोलण्यात ते लगेच कळायचं. “मॅडम, नंबर टाकून द्या ना. नंबर नसला का मानतच नाहीत कोणी.” मागे रांग लागली होती, मला जेवायला जायचं होतं, मी वैतागून नंबर टाकला. संध्याकाळी साहेब तो अर्ज बघून म्हणाले, “राहू द्या जरा. सर आपलेच आहेत.” शनिवारी मी पट्टी धरून तो खोडला. मूळ अर्ज कुठे गेला ते मी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

अधीक्षकांना म्हटलं, “ही पोच खरी आहे. सही माझी आहे.”

त्यांनी दार लोटून घेतलं. “मॅडम, आपण आता निवृत्त आहात. कशाला या भानगडीत पडता? आणि रजिस्टरमध्येही अक्षर आपलंच आहे. अडकाल तर आपणच.”

“मग तिचं काय?”

“ती लहान आहे. करेल दुसरं काहीतरी.”

तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्या माणसाचा आला, आणि त्याहून जास्त याचा, की हे वाक्य मी त्याच टेबलावर बसून कितीदा तरी मनातल्या मनात म्हटलं होतं. स्मरणिकेचे कागद मी तिथेच टाकले आणि मुलीचा नंबर मागितला. दिला नाही. गोपनीय आहे म्हणे! दुसऱ्यांचे अर्ज गायब करणाऱ्या ऑफिसला एकदम गोपनीयता आठवली. अर्जाच्या प्रतीवर तिचा फोन नंबर होता, तो मी त्यांच्यासमोरच हातावर लिहून घेतला.

मुलगी हडपसरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. बनावट शिक्क्याचा ठपका बसला असता तर पीएच.डी. गेलीच होती, तेही काम गेलं असतं, आणि शिकवायचं काम पुन्हा कुठे मिळालं नसतं. मी फोन करून पोचेबद्दल बोलले. ती लगेच म्हणाली, “मी काही खोटं नाही बोलून राहिली, मॅडम.” मी म्हटलं, मला माहीत आहे, खोटं मी बोलले आहे.

चौकशी समितीसमोर आम्ही दोघी बसलो. तीन सदस्य, बिस्किटांची बशी, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे विद्यापीठाचं रजिस्टर खोटं आहे असं आपलं म्हणणं आहे?”

“हो. आणि ते मी लिहिलं आहे.”

“रजिस्टर हा कायम अभिलेख आहे, बाई. आपल्या आठवणीवर तो बदलता येत नाही.”

टेबलावर मांडलेल्या रजिस्टरांतलं ते रजिस्टर मी उचललं आणि खिडकीशी नेलं. पान तिरपं धरलं. कुत्र्यांच्या शाईखाली, पेन्सिल दाबून लिहिलेली मुलीच्या आडनावाची अक्षरं कागदावर उमटलेली होती. मी लिहिताना फार दाबते. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. मग मी मागची पानं उलटत गेले आणि त्यांना म्हटलं, बोट फिरवून बघा. खोडलेल्या जागी कागदाला लव आलेली असते. ते हलले नाहीत. सदस्यांतल्या सर्वांत धाकट्या बाई उठल्या आणि त्यांनी बोट फिरवलं. एक पान, दुसरं पान, मग पुढचं रजिस्टर. परत जागेवर बसल्यावर त्यांनी बिस्किटांची बशी लांब सरकवली.

महिन्याने आदेश निघाला. ‘तांत्रिक त्रुटी लक्षात घेता, सदर विद्यार्थिनीस संशयाचा फायदा देऊन’ नोंदणी पूर्ववत करण्यात येत होती. संशयाचा फायदा! चोरी आम्ही केली आणि माफी तिला दिली. पेन्सिलचा त्यात एक शब्द नव्हता. मार्गदर्शकांचाही नव्हता. माझ्या जबाबाचं सार एवढंच, की निवृत्त कर्मचाऱ्याने आपलं म्हणणं मांडलं.

स्मरणिकेसाठी मी दोन पानं लिहून दिली. पेन्सिलची सगळी हकीकत लिहिली, हेडक्लार्कच्या फूटपट्टीसकट. आठ दिवसांत परत आली, सोबत चिठ्ठी: लेख विषयाला धरून नाही. मी फोन केला आणि विचारलं, डीन ऑफिसचा इतिहास हाच विषय आहे ना? पलीकडचे म्हणाले, “मॅडम, चांगलं काहीतरी लिहा ना.” मी फोन ठेवला. शेवटी त्यांनी नावांची यादी आणि उद्घाटनाचे फोटो छापले. छपाई सुरेख झाली आहे.

आदेश घ्यायला मुलगी आली तेव्हा मीही गेले होते. बाहेर बसस्टॉपवर आम्ही उभ्या राहिलो. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते. तिने आदेश दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आनंद बिनंद काही नव्हता. तीन वर्षं गेली होती तिची.

मग तिने विचारलं, “असे अजून किती असतील, मॅडम?”

मी म्हटलं, कसं सांगणार, खोडलेल्याची नोंद कोण ठेवतं.

तिची बस आली, ती गेली. मी तिला खोटं सांगितलं होतं. सगळे नाही आठवत, पण एक गृहस्थ मला चांगले आठवतात. चाळिशीचे, मांजरी गावाहून दोन बस बदलून यायचे, पांढरा शर्ट, कॉलर उसवलेली. प्रबंध देऊन झाला होता, तोंडी परीक्षा लागत नव्हती. चार वेळा अर्ज आणला. चारही वेळा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, “आपण लक्ष घाला” म्हणाले, आणि चारही वेळा मी तो शनिवारी खोडला. पाचव्यांदा ते आले नाहीत. त्यांनी कधी पोच मागितली नाही, आणि मी कधी दिली नाही.