आमचीच मुलगी

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून आलेल्या बाईंनी खुर्च्या गोल मांडायला लावल्या आणि म्हणाल्या, "आता आपण एक नाटुकलं करू. एक जण अधिकारी, एक जण आई आणि एक जण बालगृहात नवीन आलेलं मूल." मूल कोण होणार, हे त्यांनी विचारलंच नाही. माझ्याकडे बघून हसल्या. "तुला सोपं जाईल."

सोपंच गेलं. लहानपणी मला बालगृहात सोडलं तेव्हा मी रडले नव्हते, दाराच्या कडीला धरून नुसती उभी होते. तशीच उभी राहिले. बाई म्हणाल्या, "थोडं रड ना, म्हणजे बाकीच्यांना कळेल." मग रडले. टाळ्या पडल्या. नंतर चहा आणि क्रीमची बिस्किटं होती.

मी नगरच्या बालगृहात वाढले. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतात. वडील वारले, आईनं दुसरं घर केलं, त्या घरात माझ्यासाठी जागा नव्हती. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. सोडलं, कसंबसं बी.ए. केलं. एमएसडब्ल्यूला प्रवेश मिळाला तेव्हा फीचा प्रश्न आला आणि ज्या संस्थेचं ते बालगृह होतं, तीच संस्था पुढे आली. मुलांसाठी काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची फी ती भरत असे, वर प्रशिक्षणही देत असे. अट एकच, क्षेत्रकार्य त्यांच्या बालगृहात करायचं. न सांगितलेली अट अशी, की देणगीदार आले की स्टेजवर जाऊन बोलायचं.

संस्थेच्या प्रमुख मॅडम मला खांद्याला धरून पुढे करायच्या. "ही आमचीच मुलगी." मग मी सांगायचे, की या घरानं मला आई दिली, बाप दिला. समोरच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे टिपायच्या. तापात फणफणले असताना रात्रभर कुणी जवळ बसलं नव्हतं, हे त्या भाषणात नसायचं. सणाच्या दिवशी सगळ्यांना एकाच ताग्यातले फ्रॉक मिळायचे आणि रस्त्यानं जाताना लोकांना लांबूनच कळायचं आम्ही कुठल्या, हेही नसायचं.

क्षेत्रकार्यात माझ्याकडे एक आठ वर्षांची मुलगी आली. आई बाळंतपणात गेलेली, बाप परागंदा. दिवसभर कुणाशी बोलायची नाही, स्वतःची वेणी स्वतः घालायची आणि ती वाकडी व्हायची. दर रविवारी पुणतांब्याहून तिची मावशी यायची. पेरूच्या बागांत तोडणीला जाणारी बाई, हातांवर ओरखडे. पिशवीत पेरू असायचे, पण बाहेरचं खायला द्यायचं नाही हा नियम होता. पिशवी तशीच परत जायची.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, तुम्ही हिला घरी का नाही नेत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी कवाधरनं मागतीया, ताई. मागं एक बाई आल्ती. दारातनंच बघून गेली. पत्र्याचं घर हाय, पोरगी ठिवता येनार न्हाई म्हनली. आवं, आमी सगळी पत्र्यातच ऱ्हातो की!"

गृहभेटीचं काम शेवटी माझ्याकडे आलं. पुणतांब्याला गेले. खोली एकच, पण सारवलेली. मावशीची दहावीतली मुलगी जमिनीवर वह्या पसरून बसली होती. तिनं भिंतीवरचा एक खिळा दाखवला. "हितं तिचं दप्तर अडकवायचं." शाळा जवळच होती. मी शेजारी विचारलं, शाळेत विचारलं, सगळीकडे चांगलंच ऐकलं. नगरला येऊन अहवालात लिहिलं, की मुलीला मावशीच्या ताब्यात द्यावं.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाल्या, "चांगलं लिहिलंयस. पण घाई करतेयस. यंदा आपल्याकडची मुलं आधीच कमी झालीत. तपासणी तोंडावर आहे. मुलंच नसतील तर अनुदान कसं येणार, हे घर चालणार कशावर? 'सध्या परिस्थिती अनुकूल नाही' एवढं लिही. पुढच्या वर्षी बघू."

"मॅडम, परिस्थिती अनुकूल आहे. मी बघून आलेय."

"तू आमचीच मुलगी ना? तू असं बोलावंस?"

मी चहा तसाच ठेवून उठले. माझ्या हातून त्या घरात घडलेला तो पहिलाच उद्धटपणा असावा.

मुलांचा ताबा ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढे मुलीचा विषय आला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. मॅडमनी सांगितलं, मावशीची इच्छा चांगली आहे, पण घर लहान आहे. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "भेट द्यायला कोण गेलं होतं?"

"आमची विद्यार्थिनी. शिकतेय अजून."

"उभी राहा गं. काय पाहिलंस ते सांग."

मी उभी राहिले. खोली, शाळा, खिळा, सगळं सांगितलं. मॅडम समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. समितीनं मुलीला मावशीकडे द्यायचं ठरवलं. मावशी माझ्या पाया पडायला लागली, मी तिला मधेच धरलं. लोक बघत होते, मला लाज वाटली.

पुढच्या सत्राची फी आली नाही. कार्यालयात विचारलं तर कारकून म्हणाला, "मदत शिस्तीच्या मुलांसाठी असते." कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. पुढच्या कार्यक्रमात खांद्याला धरून दुसऱ्या एका मुलीला पुढे केलं गेलं. तिचं भाषण मी बाहेर उभी राहून ऐकलं. आई दिली, बाप दिला. शब्दसुद्धा बदलले नव्हते.

मी नगरच्याच सावेडीत एका साड्यांच्या दुकानात संध्याकाळची कामाला लागले आणि पदवी घेतली. त्यानंतर जिल्ह्यात मुलांसाठीच्या कामाची कंत्राटी जागा निघाली. मुलाखत चांगली झाली, पण अनुभवाचा दाखला पाहिजे होता आणि तो त्या एकाच संस्थेकडून मिळू शकत होता. "मॅडम दौऱ्यावर आहेत," हे मी इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी जाणंच सोडलं. आता राहुरीत एका क्लासच्या ऑफिसात बसते. पालकांना बॅचच्या वेळा सांगते. कुणी शिक्षण विचारलं तर पदवीधर एवढंच म्हणते.

मुलांसाठी काम करायला माणसं मिळत नाहीत, अशी भाषणं अजूनही होतात. मिळतात. त्यांना आधी वाकायला शिकवतात आणि जी वाकत नाहीत त्यांना 'अनुभव नाही' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात राहात्याला एका लग्नाला गेले होते. पुणतांबं जवळच, म्हणून वाकडी वाट केली. मावशी अंगणात वाळवण राखत बसली होती. मला बघून धावत आली, घरात हाक मारली, "आगं, कोन आलंय बघ!"

मुलगी दारात आली. उंच झाली होती. तिनं मला ओळखलं आणि त्याच पावली मागं सरली. आतून आवाज आला, "मावशी, मला न्यायला आल्यात का?"

"आगं येडे, ह्याच ताईंनी तुला घरी आनलं!"

ती बाहेर आली नाही. मावशी ओशाळून चहा ठेवायला गेली. मी म्हटलं, "राहू द्या, बोलवू नका तिला." पत्र्याखाली बसून चहा प्यायले. आतल्या अंधारात कुणीतरी श्वास रोखून उभं होतं, ते मला जाणवत होतं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. कप विसळून ठेवला आणि एस.टी. गाठायला निघाले.