बहात्तर ठोके

आमच्या इमारतीत जिन्याखाली घड्याळजीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक काचेचं कपाट आणि डोळ्याला लावायचं भिंग. तीस वर्षं तो तिथं बसतो आहे. दुरुस्त केलेलं घड्याळ देताना त्याचा एक खेळ ठरलेला असे. घड्याळ गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं, आपण डोळे मिटून स्वतःची नाडी धरायची आणि बहात्तर ठोके झाले की म्हणायचं, "झालं मिनिट." सेकंदकाटा साठाच्या आसपास असायचाच.

दुपारी चारला तो मागच्या अंगणात जाऊन गांजा ओढी. वास माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येई. हात स्थिर राहतो, असं त्याचं म्हणणं. एकदा मी टोकलं, तर म्हणाला, काकू, तुमचा चहाही पालाच की. माझ्या रोजच्या डायरीत नोंद केली, पुढेही वास आला की तारीख लिहीत गेले, पण कोणाला सांगितलं नाही. ती पानं मला अजून बोचतात.

गेल्या वर्षी माझ्या यजमानांचं मनगटी घड्याळ त्याने साफ करून दिलं. अकरा दिवस रोज सकाळी मी ते रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं. फरक दोन-तीन सेकंदांचा, तोही रोज डायरीत लिहिला. बाराव्या दिवशी पट्टा तुटला म्हणून साडेचारला खाली गेले. पट्टा बसवून त्याने सवयीने नाडी धरली. बहात्तर झाले तेव्हा काटा चाळिसावरही पोचला नव्हता. त्याने पुन्हा मोजलं. तेच. कपाळावर घाम आला होता.

"घड्याळ फार मागे पडतंय, काकू," म्हणत त्याने झाकण उघडायला घेतलं.

मी डायरी आणून त्याच्यापुढे ठेवली. "हे अकरा दिवस वाच. घड्याळ ठीक आहे."

त्याने वाचलं. "मग मीच पुढे पळतोय म्हणायचं," तो हसत म्हणाला, आणि हसता हसता छातीवर हात ठेवला. महिनाभर जिना चढताना छातीत दडपतं, पण हिला सांगू नका, असंही म्हणाला.

मी सरळ दुकानामागच्या त्यांच्या खोलीत जाऊन त्याच्या बायकोला सांगितलं.

दवाखान्यात आम्ही दोघी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी विचारलं, धूम्रपान करता का? तो नाही म्हणाला. सिगारेटला त्याने कधी हात लावला नव्हता, त्यामुळे त्याच्या लेखी ते खरंच होतं. मग मी डायरी उघडून गांजाच्या तारखा वाचल्या. डॉक्टरांनी समजावलं, दम मारला की ठोके वाढतात, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो आणि धुरामुळे मिळतो कमी. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला ते झेपत नाही. त्याची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती उघडली.

गांजा सुटला. हात मात्र थरथरू लागले. बायकांची नाजूक घड्याळं त्याने सोडली, आता भिंतीवरचीच घेतो. चारचौघांत त्याचं गुपित वाचलं म्हणून दोन महिने माझ्याशी बोलला नाही. माझं काही म्हणणं नव्हतं. वाचायचंच होतं तर कितीतरी वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं.

एका सकाळी रेडिओच्या वेळेला तो वर आला, सावकाश, मधल्या वळणावर थांबून. खुर्चीत बसून त्याने मनगट पुढे केलं.

"तुम्हीच मोजा. माझ्या मोजण्यावर माझा भरवसा राहिला नाही."

मी यजमानांचं घड्याळ समोर ठेवून मोजलं. शहात्तर. तारीख घालून लिहून ठेवलं.