किनवटच्या बापाची कमेंट

मंडळी, आज कामात मन लागलं नाही.

क्लासवाले मुलांची हजेरी ज्या सॉफ्टवेअरवर घेतात, त्याच्या माहितीच्या पानांखालच्या कमेंट मी लातुरात घरी बसून तपासते. सॉफ्टवेअरबद्दलचा प्रश्न ठेवायचा, बाकी काढून टाकायचं.

सकाळी 'गैरहजेरीचा मेसेज कसा बंद करावा' या पानाखाली एक कमेंट दिसली. "साहेब, मी किनवटचा हाय. पोरगी लातूरला क्लासला हाय. चार दिवसांपासून ती गैरहजर असल्याचा मेसेज येऊन राहिला. तिचा फोन लागत न्हाई. कुणीतरी बघा."

कमेंट नऊ दिवसांपूर्वीची होती. माझ्यापर्यंत आज पोचली.

मी खाली लिहिलं, "काका, पोरीचं नाव अन् क्लास सांगा. मी लातुरातच आहे, लगेच जाऊन बघते." मग वरिष्ठांना फोन करून त्या माणसाचा नंबर मागितला.

ते म्हणाले, "ताई, नंबर देता येत नाही. अन् हा सॉफ्टवेअरचा प्रश्न नाही."

दुपारी पान उघडलं तर त्यांनी दोन्ही कमेंट काढून टाकल्या होत्या.

पोरगी सापडली असेल, असं दिवसभर स्वतःला सांगून राहिले. पटत नाही. किनवटकडचं कुणी हे वाचत असेल, तर असा बाप तुमच्या ओळखीत आहे का?