मागं बसा, पावणं

मी गाव सोडलं ते सायकलच्या कॅरियरवर बसून. इंग्लंडला निघालेली सव्वीस वर्षांची नर्स, पायात नवे कोरे बूट, आणि बसलेली बापाच्या सायकलवर, एका बाजूला पाय सोडून. चुलतभावाची जीप होती, बॅगा तिच्यातून पुढे गेल्या होत्या, जीपमध्ये जागाही होती. पण आबा अंगणात सायकल धरून उभे. म्हणाले, "हायवेपतूर तरी माज्या मागं बस की. फुडं इमान न्हील." आई दारातून ओरडली, "अवो, पोरगी परदेशाला निघालीया आन् तुमी सायकलवर घालून न्हेताय? लोक काय म्हनतील!" लोक काहीही म्हणाले नाहीत. वाटेत जो भेटला त्यानं एवढंच विचारलं, "काय आबा, आज लेकीचा नंबर व्हय?"

कारण आबांच्या कॅरियरवर कोणी ना कोणी असायचंच. आमचं गाव कागलच्या बाजूचं. आबा साखर कारखान्यात फिटर होते आणि नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी सायकलवरून ये-जा केली. रस्त्यानं कोणी पायी चाललेला दिसला की ब्रेक दाबायचे. ओळख असो नसो, म्हणायचे, "मागं बसा, पावणं. कुठवर जायाचं?" डोक्यावर बाजाराची पाटी घेतलेली म्हातारी, एसटी चुकलेला मास्तर. एकदा तर रुसून माहेरी निघालेली कुणाची सून. तिला माहेरी पोचवून, येताना तिच्या सासऱ्याला चार शब्द सुनावून आले. कॅरियरवर पोत्याची चौपदरी घडी सायकलच्या जुन्या ट्यूबनं बांधलेली असायची. पावण्याला टोचू नये म्हणून.

तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, लांब गेलं की माणसाची काळजी दादागिरी करायला लागते. जवळ असताना मी आबांना कधी उलटून बोलले नव्हते. इथून फोनवर मात्र गोळ्यांपासून मिठापर्यंत हुकूम सोडायचे. दरम्यान आमचा गावाकडचा रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला आणि त्यावर वाहनं सुसाट सुटली. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, कर्कश गाणी लावून, रस्ता त्यांच्या आज्यानं बांधल्यासारखे. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर आबांच्या कोपराला पट्टी दिसली. "काय न्हाय गं, ट्रॉली जरा घासून गेली. चरीत पडलो. चर मऊ हुती."

मी हॉस्पिटलात काम करते. रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं मी बघते. त्या दिवशी मी आबांना वाट्टेल ते बोलले आणि शेवटी म्हणाले, सायकल काढून टाका, नाहीतर मी फोन करणार नाही. आठ दिवस खरंच केला नाही. नवव्या दिवशी त्यांचाच आला. "दिली बाई सायकल, चौकातल्या मिस्त्रीला. आता परत हात लावनार न्हाय, शबूद देतो. तू आपली बोलत जा."

मी जिंकले होते. पुढे फोनवर आई सांगू लागली, ह्यांचं बोलणंच कमी झालंय, कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत असतात. मला वाटलं, वय झालं. पण काही वर्षं गेली तरी तेच, तेव्हा उन्हाळ्यात त्यांना इकडे बोलावून घेतलं. आई आली नाही. म्हशींना कुणाच्या जिवावर सोडणार, म्हणाली.

माझ्या घरापासून जवळच एक वाट सुरू होते. पूर्वी तिथून आगगाडी जायची. रूळ कधीच उखडले आणि त्या जागी बारीक खडी दाबून बसवली. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची कुंपणं, पलीकडे मेंढ्या, मधेच दगडी पूल. जुन्या स्टेशनात आता चहाची टपरी आहे. ह्या वाटेवर गाड्यांना बंदी. तोंडाशीच लोखंडी फाटक, सायकल आणि माणूस जाईल एवढंच. मी आबांसाठी जुनी सायकल विकत आणली आणि त्यांना तिथे घेऊन गेले.

आबांनी वाकून मूठभर खडी हातात घेतली. "खडी झाक टाकलीया. डांबर कवा टाकनार? विलेक्शनच्या आदी?"

डांबर टाकणारच नाहीत, मी सांगितलं. सायकलवाल्यांसाठी रस्ता मुद्दाम असाच ठेवलाय.

"मुद्दाम? आन् गाडीवालं भांडत न्हाईत?"

मग ते सायकलवर बसले. पहिली दहा-बारा पावलं हँडल डगमगलं आणि नंतर जे सुटले ते मला धापा टाकायला लावून. एका पुलाखाली थांबून त्यांनी मागं वळून बघितलं. तसं फुललेलं तोंड मी त्यांचं अनेक वर्षांत बघितलं नव्हतं. पण लगेच कपाळाला आठी. "हिला क्यारेज न्हाय. मग मानूस बसायचं कुठं?" दुसऱ्या दिवशी दुकानातून कॅरियर बसवून आणावा लागला. दुकानदारानं बजावलं, हा फक्त सामानासाठी आहे. आबांनी मान डोलावली आणि घरी येऊन माझ्या जुन्या टॉवेलची चौपदरी घडी त्यावर बांधली.

वाटेवर रोज एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालत यायचे. आबांनी त्यांच्याजवळ ब्रेक दाबला, टॉवेलवर थाप मारली आणि अस्सल कोल्हापुरीत म्हणाले, "मागं बसा, पावणं. कुठवर जायाचं?" मी शरमेनं लाल. कसंबसं इंग्रजीत समजावलं. ते गृहस्थ हसले, म्हणाले, आभारी आहे, पण मी कुठेच निघालेलो नाही, नुसता चालतोय. मी ते मराठीत सांगितल्यावर आबा बुचकळ्यातच पडले. "कुटंच न्हाय? मग घरातनं येवढ्या लांब आलंत कशाला?"

ते सगळे आठवडे हाच खेळ चालला. आबा रोज थांबायचे, रोज थाप मारायचे, आणि ते रोज म्हणायचे, उद्या. कुत्रंसुद्धा आबांची घंटी ओळखायला लागलं. संध्याकाळी आबा जेवताना बोलायचे, आईला फोनवर मेंढ्यांच्या गोष्टी सांगायचे. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं. म्हणूनच पुढचं मला स्वतःला माफ करता येत नाही.

परत जायच्या आदल्या दिवशी, बॅग भरता भरता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "गावाकडं गेल्यावर मिस्त्रीकडची सायकल परत आनू काय गं? लांब न्हाय जायाचो. गावातल्या गावात."

मी म्हणाले, "न्हाय आबा. इथला रस्ता वेगळा. फुडच्या उन्हाळ्यात या की परत, इथंच चालवा."

"व्हय. तुजं बराबर हाय."

ते तो उन्हाळा बघायला राहिले नाहीत. उसाचा हंगाम ऐन भरात असताना एका सकाळी कट्ट्यावर बसल्या बसल्या गेले. ट्रॉली नाही, चर नाही, अंगावर ओरखडासुद्धा नाही. एवढं जपून ठेवलेलं माणूस तसंच्या तसं गेलं.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. सुतकाच्या दिवसांत भेटायला माणसं येत होती आणि जो येई तो हेच सांगे, आबांच्या मागं बसून मी इथे गेलो होतो, तिथे गेलो होतो. चौथ्या दिवशी चौकातले सायकल मिस्त्री चाचा आले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "बेटी, सायकल हाय तुमची. म्या इकलीच न्हाय. आबा रोज सकाळी चालत यायचं दुकानात. हवा बघायचं, चेनला त्याल घालायचं, घंटी वाजवून बघायचं, आन् परत चालत घरला. म्या किती डाव म्हनलो, आबा, मारा की एक चक्कर, कोन सांगाय जातंय लंडनला! तर म्हनायचं, न्हाय चाचा, पोरीला शबूद दिलाय."

चाचांनी ते कौतुकानं सांगितलं, आबा शब्दाचे किती पक्के होते म्हणून. मी उठून गोठ्यात गेले आणि तिथे रडले.

आता इथे परत उन्हाळा आहे. आबांची सायकल मी चालवते, कॅरियरवर टॉवेल तसाच. परवा ते कुत्रेवाले गृहस्थ भेटले आणि विचारलं, वडील कधी येणार? मी सांगितलं. त्यांनी टॉवेलवर हात ठेवला. मग म्हणाले, एकदा तरी बसायला हवं होतं मी.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, ते विचारता, आता तिकडेच घर केलंस ना? काय सांगू. इथली वाट इतकी चांगली आहे की तिच्यावर कुणाला कुणाची गरजच पडत नाही. माझं घर त्या दुसऱ्या रस्त्यावर होतं, जिथे पायी चाललेल्या माणसाजवळ एक सायकल थांबायची. ती मीच थांबवली.

काल आईचा फोन आला. चाचा विचारत होते, सायकलचं काय करू? मी म्हणाले, "त्यास्नी सांग, ठिवून देऊ नका, चालवा. क्यारेज काढू नका. आन् वाटंत कोन चालत दिसलं तर थांबा म्हनावं."

आई म्हणाली, "ह्येच तवा म्हनाली असतीस तर, पोरी."

रागानं नव्हती म्हणाली. मागे म्हैस ओरडत होती, धारेची वेळ झाली होती. ठेवते, म्हणाली, आणि ठेवला.