धारच्या नाल्याला बांध घातला तेव्हा

बांधकामावर माणसं एकत्र राहिली की किस्से साचतात. एक निघाला की त्याच्यामागून दुसरा येतोच. धार शहराला नळ द्यायचे म्हणून संस्थानाने नाल्यावर बांध घातला, तेव्हा मी तिथे सबओव्हरसियर होतो. इंजिनियर अण्णासाहेब पुण्याकडचे, शिकलेले, भले गृहस्थ. त्या एका वर्षात आम्ही दोघं जितके हादरलो, तितके पुढे जन्मात हादरलो नाही.

*

दिवाळीच्या सुमारास महूहून बैलगाड्यांतून बिडाचे नळ आले. चर खणत खणत आम्ही गेंदालाल कहाराच्या तलाईजवळून गेलो. छोटंसं तळं ते, शिंगाड्याच्या वेलांनी भरलेलं. सकाळी येऊन बघतो तर चर तुडुंब.

अण्णासाहेब म्हणाले, "पाऊस नाही, मग हे पाणी कुठलं?"

गेंदालाल चिखलात उभा होता. "हुजूर, म्हारी तलाई है. रात में आपके यहाँ चली आई."

चर बुजवला, पण नळाभोवतीच्या मुरुमातून पाणी झिरपतच राहिलं. तिथे पुन्हा शिंगाडा झाला नाही. गेंदालाल आमच्याकडेच दगड फोडायला आला.

*

चैत्रात बांधाजवळचा मातीचा काठ दगडांनी मढवला. दुसऱ्या दिवशी गवंडी आला, चेहरा उतरलेला.

"साहेब, भिंत बोलते."

मी कान लावला. आत बारीक चिवचिव. काठातल्या बिळांत खंड्यांची पिल्लं होती आणि आम्ही त्यांची दारं चिणून टाकली होती. सगळ्यांनी हातांनी दगड उपसले. काही पिल्लं निघाली. काही बिळं सापडलीच नाहीत. गवंडी त्या दिवशी जेवला नाही.

*

मृगानंतर बांधाची मोरी बंद केली. पाणी मागे चढू लागलं, तसे काठच्या झुडपांतले साप, घोरपडी, विंचू आमच्या टेकाडावरच्या तंबूंत शिरले. अण्णासाहेब हातपाय धुऊन जेवायला आले, तर आचारी भिकोबा पेटीवर चढून उभा.

"अण्णासाहेब, पाहुणे आलेत. पाटावर बसू नका."

पाटाखाली नाग होता.

*

पहिल्या पाण्याबरोबर मासे अंडी घालायला वर चढतात. ते आले आणि बांधाच्या भिंतीवर धडका देऊ लागले. खाली नाला आटत चाललेला. गावकरी टोपल्या घेऊन धावले, आमचे मजूरही. खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या झमकूबाईनेही टोपली भरली.

मी म्हटलं, "माजी, आज तो मजा है."

ती म्हणाली, "भिया, सगळी अंडा वाली है. आज खाई लो. पछे तो नी आवेगी."

*

बांधामागे साचलेल्या पाण्यात एका उंचवट्यावर सारसांच्या जोडीचं घरटं होतं, आत दोन अंडी. पाणी चढेल तसं दोघं गवत आणून घरटं उंच करायची. अण्णासाहेब कामाच्या दुर्बिणीतून रोज बघायचे. "आपल्याच खात्यातले आहेत हे," म्हणायचे.

एक दिवस पावसाने जोर धरला. पाणी घरट्याच्या काठाला टेकलं. नर गवत आणत होता, पण ते वाहून जात होतं. अण्णासाहेबांनी दुर्बीण सोडली.

"मोरी उघडा."

मी म्हटलं, "तलाव भरायचा हुकूम आहे दरबारचा."

"भरेल. पाऊस संपलेला नाही."

मोरी उघडली. पाणी थांबलं, मग वीतभर उतरलं. मादी अंड्यांवर जाऊन बसली. भिकोबाने सगळ्यांना गूळ वाटला, घरात बारसं असावं तसा.

तेवढ्यात बांधाखालून झमकूबाई वर आली. कमरेपर्यंत भिजलेली, मुठीत मक्याची चार रोपं. नाला कोरडा पडला म्हणून तिने त्याच्या पात्रातच मका पेरला होता. आम्ही सोडलेल्या पाण्याने तो सगळा नेला.

अण्णासाहेबांनी पगडी काढून हातात घेतली. "माजी, वो सारस का घोंसला..." ते म्हणाले.

झमकूबाईने रोपं त्यांच्या पायाशी ठेवली.

"पाणी रोक्यो तो नाळो गयो, छोड्यो तो मक्का गई. अब तीसरो कंई करोगा, साब, वो पेलां बताई दो."